गालातला मासा

मुलुंडमध्ये चेहऱ्याचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत. तरी नीलाताई आगाशे रिक्षा करून थेट घाटकोपरला आल्या, आणि तेही तोंडाला स्कार्फ गुंडाळून. मुलुंड पूर्वेला असल्या दवाखान्याची पायरी चढताना कुणी पाहिलं असतं तर दिवेलागणीच्या आत बातमी महिला मंडळात पोचली असती, आणि मंडळाच्या अध्यक्ष त्याच. गेल्याच महिन्यात त्यांनी ‘सुरकुत्या हेच खरे दागिने’ या विषयावर व्याख्यान ठेवलं होतं. आभारही त्यांनीच मानले होते.

समोर बसलेल्या डॉ. दर्शना खरातला ही बाई कोण ते पक्कं ठाऊक होतं. बाईला मात्र दर्शना कोण ते ठाऊक नव्हतं. ही सगळी करामत ओजसची. ओजस म्हणजे नीलाताईंचा एकुलता एक मुलगा, आणि ज्याच्याशी लग्न करायचं म्हणून दर्शना गेली काही वर्षं थांबली होती तोही हाच. घरी सांगायची वेळ आली की कधी त्याच्या ऑफिसात घाई असायची, कधी वडिलांचं बीपी वाढलेलं असायचं. शेवटी त्याने शक्कल काढली. आईला चेहऱ्याचं काहीतरी करायचंच आहे, तर तुझ्याकडे पाठवतो. आधी तू तिला डॉक्टर म्हणून आवडशील, मग बाकीचं मी हळूच सांगेन. बाकीचं म्हणजे काय ते दोघांनाही कळत होतं: दर्शना बौद्ध घरातली होती आणि आगाशे मुलुंडचे आगाशे होते.

दर्शनाने तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं. पण शिकलेली माणसंही प्रेमात बावळट होतात, आणि शिकलेली असल्यामुळे त्याला समजूतदारपणा म्हणतात. ती हो म्हणाली.

नीलाताईंनी पहिला प्रश्न चेहऱ्याचा नाही, आडनावाचा विचारला. दारावर नुसतं ‘डॉ. दर्शना’ लिहिलं होतं. दवाखान्याच्या मालकाला तसंच सोयीचं वाटायचं, आडनावाशिवायचा डॉक्टर सगळ्यांना चालतो म्हणून.

‘खरात,’ दर्शना म्हणाली.

‘कुठले खरात?’

‘विक्रोळीचे.’

नीलाताईंना हवं ते उत्तर हे नव्हतं. पण विक्रोळीच्या पलीकडे सभ्यपणे कसं विचारायचं ते सुचेना, म्हणून त्यांनी स्कार्फ सोडला आणि चेहरा पुढे केला. मुलगा लग्नाचा झालाय, त्या सांगू लागल्या. मुलीकडचे येतात ते मुलाला नंतर बघतात, आधी सासू बघतात. तेव्हा मुलीच्या आईपेक्षा थोराड दिसून चालणार नाही. या मुलीची आई कोण, हे माहीत असलेली दर्शना मान खाली घालून हातमोजे चढवत होती.

तिने नेहमीसारखं एकेक समजावून सांगितलं. बोटॉक्सने कपाळाचे स्नायू काही महिने ढिले पडतात आणि आठ्या पुसट होतात. ते जंतूंचं विष असतं ना, नीलाताई म्हणाल्या, नको. फिलर म्हणजे कातडीखाली जेल भरायचं, बसलेला गाल वर येतो. मंडळातल्या एकीने केलंय, गौरीचा मुखवटा झालाय तिचा, नको. आपलंच रक्त काढून, फिरवून, त्यातला द्राव परत चेहऱ्यात टोचायचा हाही एक प्रकार असतो. रक्त म्हणताच नीलाताईंनी नाकाला पदर लावला. राहिलं स्किन बूस्टर. हेही जेलच, पण पातळ, भरायला नव्हे तर कातडीत ओलावा धरून ठेवायला. ते प्रयोगशाळेत तयार होतं, प्राण्याचं त्यात काही नसतं. तुमची कातडी कोरडी आहे, तुम्हाला हेच बरं, असं दर्शनाने स्पष्ट सांगून टाकलं.

नीलाताईंनी हे सगळं मिक्सर घ्यायला गेल्यासारखं ऐकलं. कोणतं जास्त टिकतं, कोणाची तक्रार येत नाही, आवडलं नाही तर काढता येतं का. मग पर्स मांडीवर घेऊन त्या मनातल्या विषयावर आल्या. ठाण्याच्या नणंदेने ते कोरियातल्या बायका घेतात ते इंजेक्शन घेतलंय, सालमनचं. नणंदेची कातडी काचेसारखी झालीय म्हणे. नणंदेपेक्षा हलकं काही घेऊन घरी जाणं नीलाताईंच्या रक्तातच नव्हतं.

सालमन हा मासा असतो, दर्शना म्हणाली. आणि ते औषध त्या माशातल्या नराच्या बीजातून काढतात. शुद्ध केलेलं असतं, वास येत नाही, पण मूळ ते. शिवाय बूस्टरपेक्षा त्याचा गुण जास्त येतो असं छातीठोकपणे सांगावं इतका पुरावा अजून नाही. मग तिने नियमाप्रमाणे विचारलं, माशाची ॲलर्जी वगैरे आहे का?

‘मला कसं कळणार?’ नीलाताई दुखावल्या. ‘आमच्या घराचा उंबरा माशाने कधी ओलांडलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या.’

मग तर नकाच घेऊ, दर्शना म्हणाली, बूस्टर घ्या. नीलाताई बराच वेळ भिंतीवरच्या गुळगुळीत बाईच्या फोटोकडे बघत राहिल्या. एका बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांचा उंबरा होता आणि दुसऱ्या बाजूला ठाण्याची नणंद. नणंद जिंकली.

‘पोटात थोडंच जातंय ते?’ त्या म्हणाल्या. ‘औषधाला कसलं आलंय सोवळं.’

एवढं बोलून त्यांनी दंडावर बारीकसं टोचून बघायची तयारी दाखवली, पण तारीख मात्र लगेचची घेतली नाही. परवा श्रावण लागत होता. श्रावण जाऊ दे, गौरी-गणपती होऊन जाऊ देत, मग बघू, असं त्यांनी अगदी सहज सांगितलं. दर्शनाला हसू आवरायला कपाटात डोकं घालावं लागलं. विक्रोळीत तिच्या इमारतीत कोकणातली माणसं होती, ती मासे खायची म्हणून श्रावणात सोडायची. या बाईने जन्मात मासा खाल्ला नव्हता आणि तिने गालांचा श्रावण पाळला. म्हणजे मासा आहे हे तिच्या देवाला माहीत होतं, फक्त तिला स्वतःला माहीत नव्हतं.

गणपती गेले आणि नीलाताई आल्या. पितृपक्षात नवी वस्तू घेत नाहीत, पण हे घेणं कुठे होतं, हे तर टोचणं होतं. सुया बारीक, पण गालभर टोचायच्या, त्यामुळे बाई पहिल्यांदाच गप्प होत्या. दुसऱ्या खेपेला, दसऱ्यानंतर, त्या मोकळ्या झाल्या. दर्शनाच्या हाताचं कौतुक केलं, इतका हलका हात पाहिला नाही म्हणाल्या. नणंद फोनवर विचारत होती, काय केलंस म्हणून. मी सांगितलं, रोज सकाळी कोरफड आणि मनःशांती. जाताना दर्शनाच्या गालाला हात लावून म्हणाल्या की तुझ्यासारखी सून मिळायला भाग्य लागतं.

या वाक्याने दर्शनाची वाट लावली. एरवी ती असल्या बायकांना पुरती ओळखून होती, दिवसभर त्यांच्याच कपाळाच्या आठ्या मोजायचं तिचं काम. पण त्या संध्याकाळी ती घरी गेली ती गुणगुणत. तिला ओजस हवा होता. आणि ज्या घरात जायचं तिथे मान वर करून, हवीशी म्हणून जायचं होतं, कुणी उपकार केला म्हणून नाही. तेवढंच तिचं मागणं होतं, आणि आता ते पदरात पडणार असं तिला खरंच वाटलं.

ओजसने त्याच आठवड्यात घरी सांगितलं. आई दोन दिवस बोलली नाही, मग अचानक म्हणाली, बोलाव त्यांना शनिवारी. बघ, ओजस म्हणाला, मी म्हटलं नव्हतं, माझा प्लॅन झकास होता की नाही यार? दर्शनाला त्याचा राग यायला हवा होता, पण आनंदच झाला.

शनिवारी खरात मंडळी मुलुंडला गेली. धोंडिराम खरात बीडकडच्या आष्टी तालुक्यातले, विक्रोळीच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि खिशाला पेन लावलं होतं, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. चंपाबाईंनी निळी पैठणी नेसली होती. आगाश्यांच्या हॉलमध्ये सगळे सोफ्यावर बसले. अनंतराव आगाशे बँकेतून निवृत्त झालेले, आणि घरात बोलण्यातूनही. ते वर्तमानपत्राची घडी मांडीवर ठेवून सगळ्यांकडे बघून हसत होते. नीलाताईंचे गाल खरोखरच तजेलदार दिसत होते. चंपाबाईंच्या दहा वर्षं आधी त्या जन्मल्यात असं कुणी म्हटलं नसतं, आणि या बाबतीत तरी त्यांचा पैसा वसूल झाला होता.

पोहे आले. नीलाताईंनी घसा साफ केला आणि सुरुवात केली ती नेहमीच्या ठिकाणाहून. आम्ही जातबीत काही मानत नाही. आमच्याकडे सगळे येतात जातात, यांच्या बँकेतलेही कितीतरी होते. प्रश्न फक्त खाण्यापिण्याचा. आमच्या घरात मासा नाही, मटण नाही, त्याचा वाससुद्धा नाही. ओजसला तर लहानपणापासून नुसत्या वासाने मळमळतं.

दर्शनाने ओजसकडे पाहिलं. दादरच्या खानावळीत सुरमईचं डोकं चोखून, बोटं चाटून, सोलकढी दुसऱ्यांदा मागणारा हा प्राणी पोह्यांतले शेंगदाणे निवडत होता. त्याने मान वर केली नाही. तिला वाटलं, आता बोलेल. आता तरी. शेंगदाणे संपले, तो कोथिंबीर निवडू लागला.

बोलले ते धोंडिराम. सोफ्याच्या कडेवर सरकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते म्हणाले, ‘ताई, माशाची तुम्ही काळजीच करू नका. आम्ही आष्टीकडले. आमच्याकडं प्यायला पाणी नसायचं, मासा कुठून येणार? आमच्या घरात मासा शिजतच नाही.’ आणि मग, नीलाताईंच्या चेहऱ्यावर अजून समाधान दिसेना म्हणून, आवाज आणखी खाली आणून म्हणाले, ‘मटण असतं रविवारचं. तेबी सोडतो आम्ही. पोरीसाठी सोडतो.’

दर्शनाच्या बापाने कारखान्याच्या दारावर संप केलेले होते, साहेबांसमोर छाती काढून बोललेला माणूस तो. तो आज एका बाईसमोर ताटातला घास काढून ठेवत होता, आणि त्या बाईच्या दोन्ही गालांत दोन-दोन खेपांचा मासा मुरलेला होता. एक शब्द टाकला असता तर या हॉलमधली पिढ्यान्‌पिढ्यांची पुण्याई पोह्यांच्या बशीत पडली असती. पण तो शब्द पेशंटचा होता. तिने पाण्याचा ग्लास उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

नीलाताईंनी तिच्याकडे पाहिलं. नाकाने कांदे सोलता सोलता त्यांना एकदम आठवलं असावं की ऐकणाऱ्यांत एकीला सगळं माहीत आहे. त्या लगबगीने उठल्या, चहा बघते म्हणाल्या आणि दर्शनाला मदतीला म्हणून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

गॅसवर चहा उकळत होता. नीलाताईंनी दार लोटलं. ‘हे बघ, मी होच म्हणणार आहे,’ त्या कुजबुजल्या. ‘ओजसने तुझं नाव सांगितलं तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. मग विचार केला, तुला तर सगळं माहीत आहे. उद्या बाहेर चार बायकांत तू बोललीस तर मी तोंड कुठे दाखवू? त्यापेक्षा घरचीच झालीस की घरातली गोष्ट घरात राहील. झाकली मूठ सव्वा लाखाची.’

एवढं बोलून त्यांनी प्रेमाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. आपण फार मोठं मन दाखवलं अशा समाधानात त्या होत्या.

म्हणजे हलका हात नाही, शिक्षण नाही, थांबून काढलेली इतकी वर्षं नाहीत. तोंड बंद ठेवण्याची किंमत म्हणून ही बाई आपला मुलगा देत होती. दर्शनाला आधी किळस आली, मग राग आला, आणि मग एक विचित्र इच्छा झाली. खरं काय आहे ते एकदा बघायचंच. भीती काढून घेतली तर खाली काय उरतं ते.

‘काकू, मी डॉक्टर आहे,’ ती म्हणाली. ‘पेशंटचं मी कुणाला सांगत नाही. ओजसलाही सांगितलेलं नाही. हे लग्न झालं नाही तरी सांगणार नाही.’

‘झालं नाही तरी?’

‘झालं नाही तरी. कधीच नाही.’

‘शपथ?’

‘शपथ लागत नाही त्याला. तो आमच्या धंद्याचा नियम आहे.’

नीलाताईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग एक मोठा श्वास सोडला, गॅस बंद केला आणि चहा गाळायला घेतला. दर्शनाचा हात कपांकडे गेला तेव्हा त्या म्हणाल्या की राहू दे, मी आणते, तू पाहुणी आहेस. घरची व्हायला निघालेली मुलगी चहा गाळेपर्यंत पाहुणी झाली होती.

हॉलमध्ये कप वाटून झाले आणि नीलाताई सोफ्यावर ऐसपैस बसल्या. काय आहे, त्या म्हणाल्या, मुलं आपली आहेत, पण घाई कशाला. यांच्या मोठ्या बहिणीला विचारायला हवं. पत्रिका आम्ही बघतो, तुमच्यात नसेल तो भाग, पण मनाला बरं वाटतं. ओजसचं परदेशचंही काहीतरी चाललंय. एखादं वर्ष जाऊ दे. आणि मुलगी तुमची गुणी आहे हो, तिला कुणीही करून घेईल, तुमच्यातलाच एखादा डॉक्टर बघितलात तर दोघांनाही सोपं जाईल. हे सगळं त्यांनी इतक्या गोड आवाजात सांगितलं की अनंतरावांनी सवयीने मान डोलावली.

धोंडिरामांना नीट कळलं नाही. ते हसतच राहिले, आणि ते हसू बघवत नव्हतं. चंपाबाईंना कळलं होतं. त्यांनी कप न पिताच खाली ठेवला.

दर्शनाने शेवटचं ओजसकडे पाहिलं. तिला अजूनही वाटत होतं, आणि वाटतंय याची लाजही वाटत होती, की तो काहीतरी म्हणेल. त्याने घसा खाकरला.

‘आई म्हणतेय तर आपण थोडं थांबूया का?’ तो म्हणाला.

‘तू थांब,’ दर्शना म्हणाली. ‘तुला सवय आहे. मला नको आहे हे लग्न.’ आणि पर्स खांद्याला लावता लावता तिने आणखी एक सांगितलं, कारण हे काही पेशंटचं नव्हतं. ‘आणि दादरला सुरमई खाल्लीस की हात लिंबाने धूत जा रे. नुसत्या साबणाने वास जात नाही.’

नीलाताईंनी मुलाकडे वळून पाहिलं. पिढ्यान्‌पिढ्यांचा उंबरा किती वेळा आणि कुणी ओलांडला याचा हिशोब त्या मायलेकांनी नंतर काय केला असेल तो केला असेल. खरात मंडळी तोवर चपला घालत होती.

खाली रस्त्यावर रिक्षा मिळेना. दर्शना थोडी पुढे जाऊन उभी राहिली, कारण तिला रडू येत होतं आणि ते बापाला दाखवायचं नव्हतं. ओजस भित्रा आहे हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. ते माहीत असूनही तिने त्याला जीव लावला होता, आणि आता त्या जिवाचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. असल्या माणसांबद्दलच्या ज्या तिरस्कारावर ती एरवी तगून असायची तो नेमका आता कामाला येत नव्हता.

धोंडिराम मागून आले. खिशातलं पेन काढून त्यांनी उगाच बघितलं आणि परत लावलं. ‘पोरी,’ ते म्हणाले, ‘मी मटण सोडतो म्हणालो ते त्यांना कमी वाटलं काय गं? आणखी काही बोलायला पाहिजे होतं का मी?’

दर्शनाने नुसता त्यांचा दंड धरला. बोलल्या त्या चंपाबाई, ज्या दुपारपासून एक शब्द बोलल्या नव्हत्या.

‘सोडतो म्हनालात,’ त्या नवऱ्याला म्हणाल्या, ‘पर मला इचारलं व्हतं का तुमी? मी न्हाई सोडनार. त्यांच्यासाठी तर न्हाईच न्हाई.’

धोंडिराम ओशाळले. मग त्यांनी बायकोच्या खांद्यावरचा पैठणीचा पदर नीट केला, भर रस्त्यात, जे त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं, आणि म्हणाले, ‘मीबी न्हाई.’

समोरून येणाऱ्या रिक्षाला दर्शनाने हात केला आणि विक्रोळी सांगितलं.